औषध येईल तेव्हा येईल, तोवर काय?

दर दोनचार महिन्यांनी फॅमिली ग्रुपवर कुणीतरी टाकतंच की अल्झायमरवर औषध सापडलं. कधी ते अमेरिकेतलं इंजेक्शन असतं, कधी खोबरेल तेल, कधी हळद, आणि २०२५ च्या ऑगस्टपासून त्यात लिथियमची भर पडलीये (हार्वर्डच्या लोकांचा अभ्यास होता, 'नेचर'मध्ये छापून आला, पण लिथियम देऊन फरक पडला तो उंदरांना, आणि इकडे एक काका सप्लिमेंटच्या बाटल्या ऑनलाइन मागवून मोकळे). खाली दहाबारा हात जोडलेले इमोजी, आणि दुसऱ्या दिवशी परत गुड मॉर्निंग.

मला त्या आशेबद्दल तक्रार नाही. ज्याच्या घरात हा आजार आहे त्याने आशा करायची नाही तर कुणी करायची. पण गेल्या काही वर्षांत माझं मत असं होत गेलंय की औषधाची वाट बघणं ही आपल्याकडे एक सबब झालीये, सरकारची, डॉक्टरांची आणि घरच्यांचीसुद्धा. 'यावर औषधच नाही हो' असं म्हटलं की पुढचं काहीच करावं लागत नाही, निदान नको, सोय नको, कायदा नको. आणि उद्या खरोखर चांगलं औषध आलं तरी ते आपल्यातल्या बहुतेकांच्या हाती लागणार नाही, कारण ते घ्यायला जी तयारी लागते ती आपण 'औषध नाही' म्हणूनच केलेली नाही.

आधी औषधाचंच बोलू, कारण तिकडे बरंच काही घडलंय आणि आपल्यापर्यंत ते एकतर चमत्कार म्हणून पोचतं नाहीतर घोटाळा म्हणून.

१९०१ साली फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. डॉ. अलॉइस अल्झायमर तिच्यासमोर बसून प्रश्न विचारायचे आणि ती काय बोलली ते लिहून ठेवायचे. ताटात फ्लॉवर आणि डुकराचं मटण, आणि काय खाताय विचारलं तर ती म्हणाली पालक. १९०६ मध्ये ती वारली, तिचा मेंदू त्यांनी मायक्रोस्कोपखाली बघितला आणि दोन गोष्टी सापडल्या, पेशींच्या बाहेर साचलेले डाग आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता. डाग म्हणजे अमायलॉइड, गुंता म्हणजे टाऊ नावाचं प्रोटीन, ही नावं पुढे आली, पण सव्वाशे वर्षं होत आली तरी सगळी मारामारी अजून त्या दोन गोष्टींभोवतीच चाललीये. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिनने आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं. पण पहिली पेशंटच पन्नाशीतली, त्यामुळे हा कमी वयात होणारा दुर्मिळ आजार आणि सत्तरीच्या माणसाचं विसरणं म्हणजे नुसतं म्हातारपण, अशी वाटणी डॉक्टरांच्याच डोक्यात पक्की बसली. १९७६ मध्ये रॉबर्ट कॅट्झमन या अमेरिकन न्यूरॉलॉजिस्टने लिहिलं की दोन्ही एकच आहेत आणि हा दुर्मिळ तर सोडाच, मोठ्या प्रमाणावर माणसं मारणारा आजार आहे, तेव्हा कुठे पैसा आणि संशोधन सुरू झालं. आपल्याकडे जुनी वाटणी अजून चालू आहे. म्हातारचळ लागलाय म्हणायचं आणि विषय बंद.

पहिलं औषध टॅक्रिन, १९९३ चं, लिव्हरला त्रास व्हायचा म्हणून मागे पडलं. मग १९९६ मध्ये डोनेपेझिल आलं, आणि आज आपल्याकडे न्यूरॉलॉजिस्ट रोजची गोळी लिहून देतात ती बहुतेक वेळा हीच असते, नाहीतर रिव्हास्टिग्मिनचा पॅच, आजार पुढे गेला की मेमॅन्टिन. डोनेपेझिलसारख्या गोळ्या मेंदूत ॲसिटिलकोलीन हे रसायन जरा जास्त वेळ टिकवतात, त्यामुळे काही पेशंटना काही महिने तरतरी येते, काहींना नुसतीच मळमळ आणि जुलाब. पेशी मरायच्या त्या मरतच राहतात. या गोळ्या बोगस आहेत असं नाही, पण त्या लक्षणांवरच्या आहेत, आणि हे पेशंटच्या घरच्यांना पहिल्याच दिवशी कुणी नीट सांगत नाही, मग सहा महिन्यांनी ते म्हणतात डॉक्टर बदलू.

मूळ कारणावर घाव घालायचा तर अमायलॉइडवर घाला, हा विचार कुठून आला तेही बघायला पाहिजे, कारण तो वेड्यासारखा नव्हता. १९८४ मध्ये ग्लेनर आणि वाँग यांनी हे प्रोटीन वेगळं काढून ओळखलं. हे ज्या जीनपासून बनतं तो २१ व्या गुणसूत्रावर असतो, आणि डाऊन सिंड्रोमच्या माणसांत तेच गुणसूत्र दोनाऐवजी तीन असतात, तर त्यांच्या मेंदूत चाळिशीतच हे डाग भरपूर दिसतात. १९९१ मध्ये लंडनच्या संशोधकांना एका ब्रिटिश कुटुंबात, जिथे पिढ्यानपिढ्या पन्नाशीतच अल्झायमर होत होता, त्याच जीनमध्ये बिघाड सापडला. एवढे धागे जुळल्यावर १९९२ मध्ये जॉन हार्डी आणि हिगिन्स यांनी मांडलं की आधी अमायलॉइड साचतं आणि बाकी सगळं त्यातून घडत जातं. मग काय, औषध कंपन्या तुटून पडल्या आणि पुढची वीसएक वर्षं एकामागून एक आपटी खाल्ली. अमायलॉइडविरुद्धच्या लसीची ट्रायल २००२ मध्ये थांबवली कारण काही पेशंटच्या मेंदूला सूज आली. २०१० मध्ये सेमागासेस्टॅट नावाचं औषध थांबवलं, त्यात तर औषध घेणारे लोक न घेणाऱ्यांपेक्षा जास्त बिघडले. २०१२ मध्ये बापिन्यूझुमॅब फेल, २०१६ मध्ये सोलानेझुमॅब. यादी बरीच मोठी आहे, सगळी देत नाही.

मध्ये घोटाळा पण निघाला. मिनेसोटा विद्यापीठातून २००६ मध्ये 'नेचर'मध्ये एक पेपर आला होता, अमायलॉइडच्या एका खास प्रकाराने उंदरांची स्मरणशक्ती जाते म्हणून, तो हजारो लोकांनी संदर्भ म्हणून वापरला, आणि २०२२ मध्ये 'सायन्स'ने उघड केलं की त्यातल्या चित्रांमध्ये फेरफार केल्यासारखं दिसतंय. २०२४ मध्ये पेपर मागे घेतला गेला. यावर आपल्याकडे लगेच व्हिडिओ आले की बघा, अल्झायमरचं सगळं संशोधनच खोटं, वीस वर्षं जगाला फसवलं. हे मला पटत नाही. तो पेपर एका प्रकाराबद्दल होता, डाऊन सिंड्रोमचा पुरावा आणि त्या ब्रिटिश कुटुंबाचा पुरावा त्यावर उभा नव्हता. खरं नुकसान वेगळंच झालं, बाकीच्या कल्पनांना, म्हणजे सूज, रक्तवाहिन्या, इन्फेक्शन, साखर, यांच्यावर काम करणाऱ्यांना पैसे मिळायला फार जड गेलं, आणि त्यासाठी कुणी फोटोशॉप करायची गरज नव्हती, एकाच कल्पनेवर सगळ्यांचा जीव जडला की आपोआप होतं ते.

ॲड्युकॅनुमॅब या अमायलॉइड काढणाऱ्या इंजेक्शनचं प्रकरण तर अजून वाईट. मार्च २०१९ मध्ये कंपनीनेच ट्रायल थांबवली, उपयोग होत नाहीये म्हणून, ऑक्टोबरमध्ये त्याच कंपनीने सांगितलं की आकडे परत तपासले, उपयोग होतोय. अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएच्या सल्लागार समितीने विरोधात मत दिलं तरी जून २०२१ मध्ये एफडीएने मंजुरी दिली, समितीतले तिघं राजीनामा देऊन बाहेर पडले. किंमत वर्षाला ५६,००० डॉलर. पुढे ती अर्धी केली तरी कुणी घेईना, २०२४ मध्ये कंपनीने औषधच गुंडाळलं.

त्यानंतर आलं लेकॅनेमॅब, हेही अमायलॉइड काढणारं इंजेक्शनच, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण 'औषध सापडलं'वाल्या फॉरवर्डच्या मुळाशी बऱ्याचदा हेच असतं. १,७९५ लोक, अठरा महिने, अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना नुसतं सलाइन म्हणा. बातमीत आलं की आजार २७ टक्क्यांनी मंदावला. आता हे २७ टक्के कशाचे? पेशंटला मोजतात ते एका १८ मार्कांच्या पट्टीवर, त्यात स्मरण, दिवस-जागेचं भान, निर्णय, बाहेरचे व्यवहार, घरातली कामं आणि स्वतःचं आवरणं असे सहा भाग, प्रत्येकाला शून्य ते तीन, मार्क जास्त म्हणजे हाल जास्त. अठरा महिन्यांत सलाइनवाले सरासरी १.६६ नी घसरले, औषधवाले १.२१ नी. फरक ०.४५. २७ टक्के ते हे. औषध घेणारापण घसरलाच, जरा कमी घसरला. काही तज्ज्ञ म्हणतात की एवढासा फरक घरच्यांच्या लक्षातही येणार नाही, काही म्हणतात तो साठत जाईल. दोन्ही बाजूंना शहाणी माणसं आहेत.

माझं मत विचाराल तर विज्ञान म्हणून हे फार मोठं आहे, अमायलॉइड काढल्यावर आजाराच्या वेगावर थोडा का होईना परिणाम होतो हे पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. उपचार म्हणून मात्र तोकडं. दर आठ माणसांत एकाला मेंदूत सूज येते (बहुतेकांना जाणवत नाही, स्कॅनमध्येच दिसते, पण काही मृत्यूही झालेत), ज्यांच्यात एपीओई-४ या अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या जीनच्या दोन प्रती असतात त्यांच्यात तर तिघांत एकाला. अमेरिकेतली किंमत वर्षाला २६,५०० डॉलर. २०२४ मध्ये मंजूर झालेलं डोनॅनेमॅब याच जातीतलं. ब्रिटनमध्ये २०२५ साली नाइसने (कुठली औषधं सरकारी खर्चाने द्यायची ते सांगणारी संस्था) अंतिम मसुद्यात म्हटलं की फायदा खर्चाच्या मानाने फारच कमी, सरकारी खर्चाने देऊ नये. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सेमाग्लूटाइडची, म्हणजे डायबेटिस आणि वजनाच्या त्या गाजलेल्या औषधाची, सुमारे ३,८०० लोकांवरची अल्झायमर ट्रायलपण फेल गेली. म्हणजे सध्या हातात आहे ते एवढंच.

आता समजा की यापेक्षा दुप्पट चांगलं औषध पुढच्या पाच वर्षांत आलं. ते कुणाला देतात? ज्यांचा आजार अगदी सुरुवातीला आहे त्यांना, बाकीच्यांना नाही. अमायलॉइड आहे हे पेट स्कॅनने नाहीतर पाठीतलं पाणी काढून सिद्ध करावं लागतं. लेकॅनेमॅब सुरुवातीचं दीड वर्ष तरी दर पंधरा दिवसांनी शिरेतून देतात, आणि सुरुवातीच्या महिन्यांत पुन्हा पुन्हा एमआरआय, सूज आली का बघायला. रक्ताची तपासणी आता आलीये, मे २०२५ मध्ये एफडीएने पहिलीला मान्यता दिली, त्यामुळे पुढे काम सोपं होईल. पण त्या तपासणीला पाठवायचं कुणी? आजोबा सुरुवातीच्या टप्प्यात आहेत हे ओळखणारा माणूस आधी लागतो.

आणि तोच आपल्याकडे नाहीये. लासी-डॅड नावाचा देशभरातला मोठा अभ्यास २०२३ मध्ये आला, त्यानुसार साठीच्या पुढच्या लोकांत ७.४ टक्क्यांना डिमेन्शिया (स्मरण आणि विचार ढासळत जाऊन रोजची कामंही जमेनाशी होणं) आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, आणि डिमेन्शियात सगळ्यात मोठा वाटा अल्झायमरचा असतो. बायकांत ९ टक्के, पुरुषांत ५.८. खेड्यात ८.४, शहरात ५.३. हे उलटंच वाटतं ना, आपल्याला वाटतं हा शहरातल्या, पेन्शनवाल्या, शिकलेल्या लोकांचा आजार. नाही. शाळा ज्यांना मिळाली नाही त्यांच्यात तो जास्त सापडतो, आणि त्यात सगळ्यात पुढे कोण, तर १९५०-६० च्या दशकात तिसरी-चौथीतून घरी बसवलेल्या मुली, ज्या आज सत्तर-ऐंशीच्या आज्या आहेत. त्या दवाखान्यात येतच नाहीत, आल्या तर गुडघ्यासाठी. घरचे म्हणतात वय झालं, गावातला डॉक्टर म्हणतो वय झालं, आणि ती स्वतः तर काय, लोकांनी म्हणायच्या आधीच म्हणते की बाई आता माझं काही खरं नाही.

त्यात तपासणीची भानगड वेगळी. मूळ इंग्रजी टेस्टमध्ये एक वाक्य लिहा, चित्र बघून काढा, शंभरातून सात-सात वजा करत या, असं असतं. ज्या बाईने आयुष्यात पेन्सिल धरली नाही ती पहिल्याच मिनिटाला नापास, मग आजार असो वा नसो. आयसीएमआरने, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, हे ओळखून निरक्षरांनाही चालेल असा टेस्टचा संच बनवला, तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळममध्ये तपासून २०२० मध्ये प्रसिद्ध केला. त्या पाचांत मराठी नव्हती. यावर आपल्याकडे कुणी मोर्चा काढला नाही, भाषेचा अभिमान दुकानाच्या पाटीपाशी संपतो.

आशाताईंच्या हातात एक फॉर्म असतो, सीबॅक म्हणतात त्याला. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा भरायचा, बीपी-शुगर-कॅन्सरसाठी मुख्यतः. पण त्यात साठीच्या पुढच्यांसाठी एक वेगळा तुकडा आहे आणि त्यात सरळ प्रश्न आहे की जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरायला होतं का. ऐकू कमी येतं का हेही वर कुठेतरी आहे. म्हणजे सरकारने कागदावर का होईना प्रश्न विचारलाय! ज्याने कुणी तो घातला त्याचे खरंच आभार. आता आशाताईने 'हो'वर टिक केली, वर लिहिलंय जवळच्या केंद्रात पाठवा, पाठवलं. तिथे बीपी मोजतील, शुगर करतील, आणि विसरण्यासाठी? तिथले डॉक्टर विटामिनच्या गोळ्या देतील. फार तर जिल्ह्याला जा म्हणतील. जिल्ह्याला मानसोपचार ओपीडीत पन्नास पेशंटची रांग, आणि त्या रांगेत उभं राहायची घरच्यांना लाज. तिकडून पुढे पुणे-मुंबई, आणि तोवर आजाराची सुरुवात मागे पडलेली असते, म्हणजे नवं औषध असलं तरी देता येणार नाही.

हे सगळं नुसतं अल्झायमरपुरतंही नाहीये. विसरायला होण्याची काही कारणं अशी आहेत की ती बरी होतात किंवा निदान आवरता येतात, बी-१२ ची कमतरता (शाकाहारी घरांत तर ठरलेलीच), थायरॉइड, डिप्रेशन, पडल्यावर कवटीत हळूहळू साचलेलं रक्त, झोपेच्या आणि ॲलर्जीच्या गोळ्या. यातलं निम्मं शोधायला तालुक्याच्या लॅबमधली रक्ततपासणी आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी टेबलावर उपडी करून बघणारा डॉक्टर एवढंच लागतं.

मग टाळता येतं का? 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या कमिशनने २०२४ मध्ये १४ कारणं दिली आणि म्हटलं की ती सगळी आयुष्यभर सांभाळली तर जगातले सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळू शकतील किंवा पुढे ढकलता येतील. कमी शिक्षण, बहिरेपण, कोलेस्टेरॉल, बीपी, डायबेटिस, धूम्रपान, प्रदूषण, नजर जाणं, एकटं पडणं वगैरे. हा आकडा वापरताना लोक दोन चुका करतात. एक म्हणजे तो सिद्ध झाल्यासारखा सांगतात, तो लोकसंख्येवरचा हिशोब आहे, ही सगळी खरंच कारणं आहेत असं धरून केलेला. दुसरी जास्त वाईट, त्यातून पेशंटलाच दोष देतात, तुम्ही शब्दकोडी सोडवली नाहीत म्हणून झालं. अहो, रोज कोडी सोडवणाऱ्या, चार भाषा येणाऱ्या, पहाटे टेकडी चढणाऱ्या माणसांनाही हा आजार झालेला आपण सगळ्यांनी बघितलाय. आणि १४ पैकी शिक्षण आणि हवा हे दोन तर माणसाच्या हातात नसतातच, ते सरकारच्या हातात असतात.

मला त्यातलं बहिरेपण सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं, कारण ते सगळ्यात सोपं आहे. अमेरिकेतली अचीव्ह ही ट्रायल २०२३ मध्ये आली, श्रवणयंत्र देऊन तीन वर्षं बघितलं. सगळे मिळून पाहिलं तर फरक नाही, पण ज्यांना हृदयाचे वगैरे धोके आधीपासून होते त्या गटात बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी कमी. अजून पुरावा हवा, मान्य. पण हे काही मेंदूला सूज आणणारं इंजेक्शन नाही, फुकट गेलं तरी म्हातारा माणूस निदान नातवंडांशी बोलेल. आपल्या राज्यात २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आली, ६५ वर्षांवरच्या, दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना चष्मा, काठी, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये खात्यात. हेतू चांगला, पण तीन हजारात धड श्रवणयंत्र येत नाही, कानाची तपासणी करून ते मशीन त्या कानाला जुळवून देणारा माणूस लागतो, तो तालुक्याला नाही, मग बाजारातलं आवाज मोठा करणारं खेळणं आणतात, ते शिट्टी मारतं, आणि आठवड्यात ते देव्हाऱ्याच्या खणात जाऊन पडतं.

अजून एक गोष्ट, वेल्समधली, एप्रिल २०२५ ला प्रसिद्ध झालेली. तिथे नागिणीची लस द्यायला सुरुवात केली तेव्हा नियम असा होता की २ सप्टेंबर १९३३ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना मिळेल, आधीच्यांना कधीच नाही. म्हणजे एका आठवड्याच्या फरकाने जन्मलेली, बाकी सगळ्या बाबतीत सारखी माणसं, एका बाजूला लस, दुसऱ्या बाजूला नाही. सात वर्षांत लस घेतलेल्यांत डिमेन्शिया सुमारे एक पंचमांशाने कमी निघाला. असा योगायोग मुद्दाम ठरवून जमत नाही. का कमी झाला ते अजून पक्कं कळलेलं नाही, पण मला यातून एवढं दिसतं की पुढची चांगली बातमी महागड्या इंजेक्शनच्या दिशेनेच येईल असं नाही.

आणि हे सगळं झालं तरी आज जे ८८ लाख आहेत त्यांचं काय, तिथे परत सांभाळण्यावरच येतो आपण.

माझी आत्या, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, तालुक्याच्या गावी मुलाकडे राहायची. तिची एफडी मॅच्युअर झाली, पैसे तिच्याच औषधपाण्याला हवे होते. सही जुळेना. बँकेतला साहेब भला माणूस, म्हणाला त्यांना घेऊन या, समोर सही करू दे. नेलं. आत्या छान नेसून, पर्स घेऊन गेली, साहेबाला म्हणाली तू कुठल्या बॅचचा रे, आणि फॉर्मवर वळणदार अक्षरात सही केली ती माहेरच्या नावाची, म्हणजे आजोबांचं नाव मध्ये आणि आमचं आडनाव शेवटी. पन्नास वर्षांचं सासरचं नाव पुसलं गेलेलं. साहेब हतबल, आम्ही हतबल. आतेभावाने कुलमुखत्यारपत्र पुढे केलं, तर वकील म्हणाले त्याचा उपयोग नाही.

आणि हे वकिलांचं बरोबरच होतं. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २०१ सांगतं की ज्याने मुखत्यार नेमला तो माणूस मनाने सक्षम राहिला नाही की मुखत्यारी संपते. म्हणजे जेव्हा गरज पडते नेमकं तेव्हाच कागद मरतो. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा कोर्टाकडून अशा माणसाच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमून घ्यायची सोय होती, २०१७ च्या नव्या कायद्यात ती गेली. नवा कायदा एरवी चांगला आहे, उपचारांसाठी आपला प्रतिनिधी आधीच नेमता येतो, पण तो दवाखान्यापुरता, बँकेत चालत नाही. मग उरतं हायकोर्ट. आईच्या एफडीसाठी तालुक्याच्या माणसाने हायकोर्टात रिट करायचं! यात कुठलंही संशोधन नको, नोबेल नको, विधेयक पाहिजे फक्त, पण त्यावर विधानसभेत किंवा लोकसभेत तावातावाने कुणी बोलल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

पैशाचंही तसंच. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार, उत्तम, पण ते ॲडमिट झाल्यावर. अल्झायमरचा माणूस वर्षानुवर्षं ॲडमिट नसतो, घरी असतो, संध्याकाळ झाली की मला घरी जायचंय, आई वाट बघत असेल म्हणून दाराची कडी काढत असतो. खर्च आहे तो डायपरचा, ब्युरोच्या मावशींचा (बारा तासांच्या ड्युटीला शहरात पंधरा-वीस हजारांपुढेच), आणि सुनेच्या किंवा लेकीच्या सुटलेल्या नोकरीचा, तो तर कुणाच्याच वहीत लिहिला जात नाही. मावशींना शिकवलेलं काही नसतं, आजी ओरडल्या की त्यापण ओरडतात, महिन्याभरात सोडून जातात, दुसऱ्या येतात. मुलगा न्यू जर्सीत असेल तर हॉलमध्ये कॅमेरा लावतो आणि तिकडून मावशींवर लक्ष ठेवतो. त्याला हसायचं कारण नाही, त्याला दुसरं काय करता येण्यासारखं आहे?

केरळमध्ये १९९२ लाच अल्झायमर सोसायटी उभी राहिली, तिच्या शाखा पुढे देशभर झाल्या. मुंबईत डिग्निटी फाउंडेशनसारख्या संस्था पेशंटसाठी दिवसाचं केंद्र चालवतात. कामं चांगली आहेत, पण संस्थांनी करून किती होणार. माझं म्हणणं असं की प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस स्मृती-ओपीडी, मानसोपचाराच्या रांगेपासून वेगळी, मराठीत आणि निरक्षरांनाही चालेल अशी टेस्ट, तिथेच कानाची तपासणी. आशाताईंच्या फॉर्मवरच्या त्या 'हो'ला पुढे जायला जागा द्या. मावशींसाठी आयटीआयमध्ये दोनतीन महिन्यांचा कोर्स काढा, त्यात पोरींना रोजगारही आहे. तालुक्याला एक डे-केअर केंद्र, अंगणवाडी चालवता येते तर हेपण चालवता येईल. आणि मुखत्यारपत्राचा कायदा बदला.

लोक म्हणतात आपल्याकडे टीबी आहे, कुपोषण आहे, म्हाताऱ्यांवर कुठून खर्च करता. पण वरच्या यादीत महागडं काय आहे? बीपी-शुगरचं काम तर चालूच आहे, मुलींना शाळेत टिकवणं हे तर कुठल्याही कारणाने करायचंच आहे. उलट रांगेतल्या प्रत्येकाला पेट स्कॅन आणि परदेशी इंजेक्शन हेच आपलं स्वप्न असेल तर ते मात्र परवडणार नाही.

दुसरा आक्षेप डॉक्टरच घेतात, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो, की उपचार नाही तर निदान करून काय मिळवलं, उगाच माणूस खचतो. खचतो, खरंय. पण निदान लवकर झालं तर आत्याला स्वतः ठरवता आलं असतं की पैसे कुणी काढायचे, खातं जॉइंट करून 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कुणीही चालवावं) असं लिहून घेता आलं असतं, नॉमिनेशन तपासता आलं असतं, मृत्युपत्र करून डॉक्टरांचा दाखला जोडता आला असता, उपचारांसाठी प्रतिनिधी नेमता आला असता. कुणाची गाडी थांबवायची, कुणाचा गॅस बंद करायचा हे घरात भांडण न होता ठरलं असतं. हे सगळं त्या माणसाला विचारून करायचं तर सुरुवातीचं वर्ष-दोन वर्षंच असतात, नंतर वकील आणि हायकोर्ट.